फरहंगेस्तान : तेहरानच्या शब्दसभेची वाटचाल

तेहरानच्या दारुल फुनूनमध्ये १८५१ च्या डिसेंबरात वर्ग भरू लागले, तेव्हा वैद्यकाचा तास दोन भाषांत चाले. ऑस्ट्रियाहून बोलावलेले डॉक्टर याकोब पोलाक फ्रेंचमध्ये शिकवत आणि दुभाषा त्याचे फारसी करून मुलांना सांगे. ज्यांनी ही शाळा काढली, ते वजीर अमीर कबीर तोवर पदच्युत झाले होते. पुढच्याच महिन्यात काशानजवळच्या फीन बागेतल्या हमामखान्यात त्यांची हत्या झाली. शाळा मात्र चालू राहिली. दुभाष्याच्या मध्यस्थीने शरीरशास्त्र शिकवता येत नाही हे पोलाकांना लवकरच कळले. ते फारसी शिकले, फारसीतून शिकवू लागले आणि फारसीत वैद्यकाची पुस्तकेही तयार केली. त्यांच्यानंतर तिथे शिकवणाऱ्या योहान श्लिमर या डच डॉक्टरांनी १८७४ मध्ये तेहरानमध्येच फ्रेंच-फारसी वैद्यकीय परिभाषेचा जाडजूड कोश छापला. फारसीतल्या आधुनिक शास्त्रीय परिभाषेचा पहिला मोठा साठा असा परक्या शिक्षकांच्या आणि त्यांच्या इराणी विद्यार्थ्यांच्या गरजेतून जमला. त्यामागे ना हुकूम होता, ना समिती.

ही स्मरणिका मराठी परिभाषेसाठी राबलेल्या माणसांची आहे. तिच्यात तेहरानच्या संस्थेचा इतिहास द्यावा असे मला मनापासून वाटले, कारण आपण ज्या अडचणींशी झगडलो त्या सगळ्या तिथल्या माणसांनी आपल्या आधी किंवा आपल्याबरोबरच भोगल्या आहेत. शिवाय या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईतून आणि दख्खनमधून जातो. इराणबाहेर तो फारसा कोणी सांगत नाही.

मुळात फारसीला शास्त्राची भाषा होण्याचा मान सहज मिळालेला नव्हता. अकराव्या शतकात विद्येची भाषा अरबी होती. अल बिरूनीसारख्या मोठ्या पंडिताने आपल्या औषधीविषयक ग्रंथात स्पष्ट म्हणून ठेवले की फारसी राजांच्या बखरींना आणि रात्रीच्या गोष्टींना ठीक, शास्त्राला नव्हे. तरीही त्याच बिरूनीचे गणित-ज्योतिषावरचे 'अल तफहीम' हे १०२९ चे प्रश्नोत्तरी पुस्तक अरबीबरोबर फारसीतही आहे. रैहाना नावाच्या एका ख्वारझमी स्त्रीला शिकायचे होते, तिच्यासाठी ते लिहिले गेले. शिकणारा समोर बसला की पंडिताचे मत बाजूला राहते, हे इथे पहिल्यांदा दिसते आणि पुढे वारंवार दिसते. त्याच काळात इस्फहानच्या अलाउद्दौला या राजासाठी इब्न सीनाने 'दानेशनामे-ये अलाई' हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ फारसीत लिहिला. 'चंद' म्हणजे किती. त्यावरून त्याने राशी या अर्थी 'चंदी' वापरला. नाडीवरचे त्याचे छोटे पुस्तकही फारसीतच आहे. शतकाभराने इस्माईल जुर्जानीने 'झखीरे-ये ख्वारझमशाही' हा अवाढव्य वैद्यककोश फारसीत रचला. म्हणजे शब्द होते. पण पाठशाळांची भाषा अरबीच राहिली आणि हे शब्द हस्तलिखितांत पडून राहिले.

आता आपल्याकडचा धागा. फारसी कोशांचे मोठे काम इराणपेक्षा हिंदुस्थानात झाले. 'बुर्हाने काते' हा सगळ्यांत गाजलेला कोश १६५१-५२ मध्ये हैदराबादेत, कुतुबशहाच्या दरबारात तयार झाला. त्याचा कर्ता महंमद हुसेन मूळचा तब्रिझचा. या कोशात 'दसातीर' नावाच्या एका ग्रंथातले शब्द शिरले. प्राचीन इराणी पैगंबरांची वचने म्हणून हा ग्रंथ पुढे केला जाई. प्रत्यक्षात पाटण्यात येऊन राहिलेल्या आझर कैवानच्या पंथातल्या कोणीतरी रचलेली ती बनावट होती. तिच्यातली शुद्ध फारसी म्हणजे बहुतांशी कल्पनेने घडवलेले शब्द. १८१८ मध्ये मुंबईतले विद्वान पारशी धर्मगुरू मुल्ला फिरोझ यांनी हा ग्रंथ छापला. विल्यम अर्स्किन यांनी मुंबईच्याच लिटररी सोसायटीत त्याच्या खरेपणाविषयी शंका उघड मांडल्या, पण छापील पुस्तक इराणात पोहोचले आणि एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्राभिमानी लेखकांनी त्यातले शब्द आवडीने उचलले. मुल्ला फिरोझांचा ग्रंथसंग्रह आज मुंबईच्या कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी जे प्राचीन मानले तेच निष्ठेने छापले. पण शुद्धतेच्या ओढीत पुराव्याची चाचणी सुटली की काय होते, हे या प्रकरणातून दिसते. पुढे इराणी सैन्यात सेनापतींना 'तीमसार' म्हणू लागले तो शब्दही दसातीरीच.

विसाव्या शतकात सैन्याला शब्दांची घाई सर्वांत आधी झाली. विमाने आली होती, पलटणी नव्याने बांधल्या जात होत्या. १९२४ च्या सुमारास युद्ध आणि शिक्षण खात्यांतल्या मंडळींनी एकत्र बसून काही शब्द ठरवले. विमानासाठी 'हवापेइमा' आणि विमानतळासाठी 'फुरूदगाह' हे त्यातलेच असून आज ते प्रत्येक इराण्याच्या तोंडी आहेत. १९३० च्या दशकाच्या आरंभी तेहरानच्या शिक्षक-महाविद्यालयात प्राध्यापक आणि विद्यार्थी शास्त्रीय शब्दांसाठी मंडळ चालवत. त्यांनी सुचवलेले शेकडो शब्द पाठ्यपुस्तकांत गेले. या मंडळाविषयी फार लिहिले जात नाही, पण पदार्थविज्ञान आणि रसायनाची शालेय फारसी घडवण्यात त्याचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

१९३४ मध्ये एकापाठोपाठ तीन घटना घडल्या. इराणचा राजा रेझाशहा तुर्कस्तानला जाऊन आला. तिथे अतातुर्कने भाषेची झाडाझडती सुरू केली होती. कवी फिर्दौसीच्या जन्माच्या सहस्राब्दीचा उत्सव तेहरान आणि तूसमध्ये झाला. आणि तेहरान विद्यापीठाचा कायदा संमत झाला. त्या कायद्यातच संस्थेचे नाव 'दानेशगाह' असे दिले होते. 'दानेश' म्हणजे ज्ञान, 'गाह' म्हणजे जागा. दारावरची पाटी आणि संस्था एकाच दिवशी जन्मली, म्हणून त्या शब्दाला दुसऱ्या कोणत्या शब्दाशी झुंजावे लागले नाही.

२० मे १९३५ रोजी 'फरहंगेस्ताने ईरान', म्हणजे इराणची भाषा-अकादमी, स्थापन झाले. पहिले अध्यक्ष पंतप्रधान महंमद अली फुरूघी. सभासदांत दहखुदा, मलिकुश्शुअरा बहार, सईद नफीसी, फुरूझानफर, इब्राहिम पूरदाऊद अशी फारसी विद्येतली थोर नावे होती आणि पदार्थविज्ञानाचे महमूद हिसाबी यांच्यासारखी शास्त्रज्ञ मंडळीही. यांतले पूरदाऊद १९२० च्या दशकात मुंबईत राहिलेले. त्यांचे गाथांचे फारसी भाषांतर इथल्या पारशी आणि इराणी झोराष्ट्रीयांच्या साहाय्याने मुंबईतच छापले गेले. त्यांनीच पुढे दसातीरचा खोटेपणा फारसी वाचकांना पुराव्यानिशी उलगडून दाखवला. मुंबईतून गेलेली चूक मुंबईत राहिलेल्या माणसाने दुरुस्त केली, याचा मला आनंद वाटतो.

कामाची रीत अशी होती. विषयवार उपसमित्या शब्द सुचवत, सभेत चर्चा होई, मंजूर झालेली यादी शहाकडे जाई आणि त्याची मान्यता मिळाली की सरकारी कचेऱ्यांना तो शब्द वापरणे बंधनकारक होई. नगरपालिकेची बलदिये जाऊन 'शहरदारी' आली, न्यायखात्याची अदलिये जाऊन 'दादगुस्तरी', पोलीसखात्याची नझमिये जाऊन 'शहरबानी'. सैन्यासाठीच्या कुशूनचे 'अर्तेश' झाले. 'अर्तेश' हा पहलवी या जुन्या इराणी भाषेतल्या 'अर्तेश्तार' या शब्दावरून घेतलेला आहे. त्याचा अवेस्तातला मूळ शब्द आणि आपल्या ऋग्वेदातला 'रथेष्ठा' एकच. तबीब गेला आणि 'पेझेश्क' आला, जो आपल्या 'भिषक्'चा भाऊ आहे. रुग्णालयाला रेझाशहाच्या आधीच्या काजारी काळात मरीझखाने म्हणत, तिथे 'बीमारेस्तान' परत आला. हा शब्द तर दमास्कस-बगदादच्या अरब रुग्णालयांनी शतकानुशतके मिरवला होता. घरी परतायला त्याला फार उशीर झाला. तुर्की-अरबी शब्द काढून प्राचीन इराणी शब्द आणायचे, ही दिशा शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाची आठवण करून देते. रघुनाथपंत हणमंते यांनी तेव्हा दरबारातून जे फारसी-अरबी शब्द बाहेर काढले, त्यांच्याच घरात अडीचशे वर्षांनी असेच काम निघाले.

पण माझ्या मते पहिल्या फरहंगेस्तानाचे खरे मोल कचेऱ्यांच्या पाट्यांत नाही, शास्त्राच्या वर्गात आहे. शरीरशास्त्रात रक्तवाहिन्यांसाठी अरबी शब्द होते: शिर्यान आणि वरीद. फरहंगेस्तानाने 'रग' हा जुना, इब्न सीनाच्या नाडीच्या पुस्तकातला शब्द घेतला आणि त्यावर तीन शब्द उभे केले. हृदयाकडून जाणारी ती 'सुर्खरग', म्हणजे लाल रग. हृदयाकडे येणारी ती 'सियाहरग', काळी रग. केसासारखी बारीक ती 'मूयरग'. आपल्याकडे रोहिणी, नीला आणि केशवाहिनी आहेत. दोन देशांतल्या परिभाषाकारांनी एकमेकांना न विचारता लाल, निळा-काळा आणि केस हीच चिन्हे निवडली. फरक एकच, आणि तो महत्त्वाचा. फारसीत तिन्ही शब्दांत 'रग' आहे. शब्द ऐकताच मुलाला कळते की या तीन एकाच कुळातल्या गोष्टी आहेत. आपल्या तीन शब्दांपैकी दोन ऐकून तसे कळत नाही. परिभाषेत एकेक शब्द सुंदर असून भागत नाही. शब्दांची आपसांतली नाती दिसली पाहिजेत. तापमापक 'दमासंज', दाबमापक 'फिशारसंज'. जीवशास्त्र 'झीस्तशेनासी', भूशास्त्र 'झमीनशेनासी', प्राणिशास्त्र 'जानवरशेनासी'. 'संज' आणि 'शेनासी' ही दोन प्रत्ययवजा पदे एकदा रुळली, मग पुढचे शंभर शब्द विद्यार्थी स्वतःच ओळखू लागले.

वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टर आपसांत अजूनही शिर्यान आणि वरीद म्हणतात, आणि शाळेतली मुले सुर्खरग आणि सियाहरग. हे दुहेरीपण मला अपयश वाटत नाही. ज्या पिढीला वर्गात पहिल्यांदा शब्द मिळाला, तिच्यात तो रुजला. ज्यांनी आधीच दुसरा शब्द शिकला होता, त्यांनी तो सोडला नाही. पेशीसाठी केलेला 'याख्ते' शाळेत चालला, मग 'सेल्यूल'ने त्याला मागे सारले, आणि अलीकडच्या शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकांत तो पुन्हा आला तेव्हा इराणात बराच वाद झाला.

वाद आरंभापासूनच होते. १९३५ च्या अखेरीस फुरूघी पंतप्रधानपदावरून दूर झाले, त्यांच्या व्याह्याला फाशीची शिक्षा झाली आणि ते घरी बसले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी इब्न सीनाच्या 'शिफा'मधला पदार्थविज्ञानाचा भाग अरबीतून फारसीत आणला आणि सादीच्या साहित्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली. फरहंगेस्तानाला उद्देशून त्यांनी एक दीर्घ निवेदन लिहिले, ते १९३६ मध्ये पुस्तिकेच्या रूपात आले. फारसीत मुरलेला अरबी शब्द हा आता फारसीच आहे. जिथे शब्द नाही तिथे नवा करा, जिथे आहे तिथे केवळ वंश पाहून तो काढू नका, अशी त्यांची भूमिका होती. परिभाषेच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ही पुस्तिका वाचावी असे मी आग्रहाने म्हणेन. विद्वान तकीझादे यांनीही परदेशातून लेख पाठवून सरकारी तलवारीने भाषा छाटण्याला विरोध केला. शहा त्यावर भडकला. कथाकार सादिक हिदायत यांनी नव्या शब्दांवर झोंबणारी टीका लिहिली. दुसरीकडे शहालाच काम सावकाश वाटत होते. १९३८ मध्ये त्याने फरहंगेस्तान बरखास्त केले आणि थोड्याच दिवसांत नव्याने उभे केले. १९४१ च्या सप्टेंबरात दोस्त राष्ट्रांच्या फौजा इराणात शिरल्यावर रेझाशहाने पद सोडले आणि संस्थेचा आधारच गेला. तोवर मंजूर झालेल्या शब्दांची यादी छापून निघाली होती. त्यातले 'दानेशजू' (विद्यार्थी), 'दबिस्तान' (प्राथमिक शाळा), 'परवंदे' (फाइल), 'बायगानी' (दप्तरखाना), 'शेनासनामे' (ओळखपत्र), 'आमार' (आकडेवारी) हे शब्द कोणत्याही हुकमाविना आजपर्यंत चालत आले आहेत. हुकूम देणारा गेल्यावर जे उरले, त्यावरून शब्दांची पारख करावी.

१९६८ च्या हुकमाने निघालेल्या आणि १९७० पासून काम करू लागलेल्या दुसऱ्या फरहंगेस्तानाबद्दल थोडक्यात सांगतो. अध्यक्ष सादिक किया पहलवीचे अभ्यासक होते. मध्ययुगीन इराणी भाषांतून शब्द उकरण्याकडे तिथे ओढा राहिला. लोकांकडून सूचना मागवणाऱ्या पुस्तिका त्यांनी काढल्या. ती पद्धत चांगली होती. शब्द सुचवले पुष्कळ, वापरात गेले मोजके. १९७९ च्या क्रांतीनंतर ही संस्था इतर संशोधनसंस्थांबरोबर एकत्र करून मिटवण्यात आली.

त्या दशकांत खरी प्रगती फरहंगेस्तानाबाहेर होत होती. गणितज्ञ घुलामहुसेन मुसाहिब यांच्या संपादनाखाली फारसी विश्वकोशाचा पहिला खंड १९६६ मध्ये निघाला. विश्वकोशाला रोज शब्द लागतो आणि तो उद्यावर ढकलता येत नाही, हे आपल्या विश्वकोशाच्या वाईतल्या मंडळींना कोणी सांगायला नको. मुसाहिबांच्या मंडळींनी फारसीच्या सर्वांत अवघड जागी हात घातला: क्रियापदे. फारसीत साधी क्रियापदे थोडी. बहुतेक काम 'करणे' लावून भागवले जाते, आणि अशा जोडक्रियापदापासून पुढचे शब्द काढताना जीभ अडखळते. त्यांनी आयनाचे 'योनीदन', ध्रुवाचे 'कुत्बीदन', ऑक्साइडचे 'ओक्सीदन' केले. 'योनीदन' मान्य केले की आयनन म्हणजे 'योनेश', आयनित म्हणजे 'योनीदे', आयनकारी म्हणजे 'योनंदे' हे आपोआप मिळते.

१९८९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ महंमद रझा बातेनी यांनी 'आदीने' मासिकात फारसी वांझ भाषा आहे का, असा प्रश्न मथळ्यातच विचारून हाच मुद्दा लावून धरला. जुन्या फारसीने अरबी धातूंपासून 'फहमीदन', 'तलबीदन', 'रक्सीदन' अशी क्रियापदे केली आणि सादी-हाफिझांनी ती वापरली; मग आज शास्त्रज्ञाने तेच केले तर भाषा कशी बिघडते? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मी तरी अजून वाचलेले नाही. मराठीत 'स्वीकारणे', 'नाकारणे', 'हाताळणे' आहेत, पण शास्त्रीय लेखनात आपणही सगळीकडे 'करणे' लावून सुटतो. बातेनींचे म्हणणे आपल्यालाही लागू आहे.

क्रांतीनंतर विद्यापीठे बंद होती, तेव्हा १९८० मध्ये विद्यापीठीय प्रकाशन केंद्र निघाले. नसरुल्लाह पूरजवादी त्याचे प्रमुख. या केंद्राने फारसीतून पाठ्यपुस्तके आणली आणि त्यासाठी भौतिक, रसायन, गणित यांचे शब्दसंग्रह तज्ज्ञांकडून करवून घेतले. माझ्या मते आजच्या फारसी शास्त्रलेखनाचा कणा या केंद्राने दिला. अनुवादक, विषयतज्ज्ञ आणि भाषासंपादक एकाच टेबलाशी बसले; शब्द ठरला की तो महिन्याभरात छापील पानावर आला.

१९९० मध्ये तिसरे फरहंगेस्तान, म्हणजे फारसी भाषा आणि साहित्य अकादमी, काम करू लागले. हसन हबीबी पहिले अध्यक्ष; १९९५ पासून घुलामअली हद्दाद आदिल, मध्ये पुन्हा हबीबी आणि २००८ पासून परत हद्दाद आदिल. हद्दाद आदिल तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पण आधी ते पदार्थविज्ञान शिकले होते. या संस्थेने नियम आधी लिहिले: चालू फारसीतला शब्द पहिला, मग त्यात रुजलेला अरबी, मग जुन्या इराणी भाषा आणि बोली. फुरूघींचे म्हणणे साठ वर्षांनी धोरण झाले. विषयवार गट नेमले गेले आणि मंजूर शब्दांचे कोश खंडाखंडाने छापले जाऊ लागले. १९९६ मध्ये संसदेने सरकारी व्यवहारात परकी शब्दांना बंदी करणारा कायदाही केला.

कायद्याने 'रायाने' शाळेच्या पुस्तकात आणि कचेरीत पोहोचला, बाजारात कॉम्प्युटरच राहिला. 'बालगर्द' वृत्तवाचक म्हणतात, रस्त्यावर हेलिकॉप्टर. पण मोबाईलवरच्या संदेशाचा 'पयामक' सगळ्यांनी उचलला, कारण तो सेवेबरोबर, कंपन्यांच्या जाहिरातींतून, वेळेवर आला. इंटरनेटला हात लावला गेला नाही, हे शहाणपण. नेकटायसाठी फरहंगेस्तानाने म्हणे लांबलचक शब्द केला, अशा कहाण्या इराणात वर्षानुवर्षे सांगितल्या जातात. तसला शब्द कोणत्याही यादीत नाही. आपल्याकडे रेल्वे सिग्नलसाठीच्या संस्कृत शब्दाची जी कहाणी फिरते, तिच्या जातीचीच ही थट्टा. काम करणाऱ्यांना ती किती लागते ते मी जवळून पाहिले आहे.

फरहंगेस्तानाच्या सभासदांत ताजिकिस्तानचे विद्वानही आले. महंमदजान शकूरी त्यांतले एक. इराणात ठरलेले शब्द सीमा ओलांडू लागले. दुशानबेच्या विद्यापीठाच्या नावात सोव्हिएत काळात रशियन वळणाचा 'उनिव्हेर्सितेत' होता, आता तिथे सिरिलिक लिपीत 'दोनिशगोह' आहे. अफगाणिस्तानात मात्र तोच शब्द भांडणाचा विषय झाला. सरकारी शब्द पश्तूतला 'पोहनतून'. दरी, म्हणजे अफगाणी फारसी, बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पत्रकारांना 'दानेशगाह' हवा. २००८ मध्ये बल्खच्या काही पत्रकारांवर हा शब्द वापरल्याबद्दल मंत्रालयाने कारवाई केली, आणि विद्यापीठांच्या पाटीवर कोणता शब्द असावा यावरून तिथल्या संसदेतही वर्षानुवर्षे कायदा अडून राहिला.